मुलाच्या शिकण्यासाठी मूल्यमापन: शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणारे शिक्षक, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि पालक मूल्यमापनाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती लिहिताना महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. जेथे शासनाची तरतूद आहे तेथे ती सांगितली आहे आणि बाकीचे वर्गात शिकवताना जे पाहिले त्यावरून लिहिले आहे.

शाळेत परीक्षा होतातच. मग मूल्यमापन म्हणून वेगळे काय करायचे?

परीक्षा हा मूल्यमापनाचा एक भाग आहे. सत्राच्या शेवटी मुलाला काय येते हे तिच्यातून कळते, पण ते कळेपर्यंत तो घटक शिकवून दोन-तीन महिने उलटलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीआधी तपासलेल्या उत्तरपत्रिकांमध्ये भागाकार कच्चा दिसला, तरी सुट्टी संपल्यावर शिक्षकासमोर अपूर्णांकांचा पाठ उघडलेला असतो आणि मागे वळायला सवड नसते. म्हणून शिकणे चालू असतानाच, दुरुस्तीला वेळ शिल्लक असताना, मूल नेमके कोठे अडले आहे ते पाहावे लागते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखावी आणि गरज असेल तेथे त्याला जादा शिकवावे, या दोन गोष्टी तेथे एकाच कर्तव्यात सांगितल्या आहेत. व्यवहारात पहिली गोष्ट आपण बऱ्यापैकी करतो, दुसरी मात्र राहून जाते. पुढची बहुतेक उत्तरे या दुसऱ्या गोष्टीविषयी आहेत.

आकारिक आणि संकलित मूल्यमापन म्हणजे काय आणि त्यांचे भारांश किती असतात?

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा उल्लेख आहे. त्याची महाराष्ट्रातील कार्यपद्धती २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने ठरवून दिली. मूल शिकत असताना केले जाते ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी केले जाते ते संकलित मूल्यमापन. या कार्यपद्धतीत पहिली-दुसरीसाठी आकारिकला ७० आणि संकलितला ३० टक्के भारांश दिला गेला. तिसरी-चौथीसाठी ही विभागणी ६० आणि ४०, पाचवी-सहावीसाठी ५०-५० आणि सातवी-आठवीसाठी ४० आणि ६० अशी आहे. दोन्ही मिळून श्रेणी ठरते: ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, अशी ती खाली उतरत जाते.

पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के देण्यामागे साधे कारण आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला जे येते त्यातले बरेचसे त्याला अजून लिहून दाखवता येत नाही. ते बोलण्यात, मांडणीत, खेळण्यात, चित्रात दिसते आणि लेखी कागदावर त्याचा मागमूसही नसतो.

आकारिक मूल्यमापनाची आठही साधने प्रत्येक घटकासाठी वापरावी लागतात का?

नाही. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य आणि इतर, अशी ही आठ साधने आहेत. विषयाचे स्वरूप पाहून त्यांपैकी योग्य ती निवडायची असतात. कविता म्हणण्यासाठी लेखी चाचणीचा उपयोग नाही आणि परिसर अभ्यासात पाण्याचे बाष्पीभवन पाहायचे असेल तर वाटीत पाणी ठेवून ते दोन दिवस पाहिलेच पाहिजे. छोट्या चाचणीचे वेळापत्रक आधी जाहीर करायचे नसते आणि पुस्तक उघडे ठेवूनही ती घेता येते, ही तरतूद पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात राहत नाही. पुस्तकासह चाचणी मी स्वतः चौथीपासून पुढे आवर्जून घेत असे. पाठात माहिती कोठे आहे हे शोधणे आणि शोधलेले आपल्या शब्दांत मांडणे मुलाला जमते का, हे तिच्यातून फार चांगले कळते.

मुलाचे उत्तर चुकले हे कळले. त्यापुढे शिक्षकाने काय करायचे?

उत्तर कसे आले ते शोधायचे. सगळ्या मूल्यमापनात मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून तो एका उदाहरणाने सविस्तर सांगतो.

तिसरीच्या वर्गाला ५२ वजा २७ हे उदाहरण दिले आहे असे समजा. बरोबर उत्तर २५. पाच मुलांच्या पाट्यांवर किंवा वह्यांत काय दिसते ते पाहू. पहिल्या मुलीने ३५ लिहिले आहे. दुसऱ्या मुलानेही ३५ लिहिले आहे. तिसऱ्याचे उत्तर ७९, चौथ्याचे २६ आणि पाचव्याचे २५ आहे. नुसते तपासायचे ठरवले तर चार चूक आणि एक बरोबर एवढ्यावर काम संपते.

आता प्रत्येकाला “हे कसं केलंस, मला सांग बरं” असे विचारा. पहिली मुलगी सांगते की दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले. तिला वजाबाकी म्हणजे मोठ्या अंकातून लहान अंक काढणे एवढेच माहीत आहे. दशक सुटा करण्याची कल्पना तिच्यापर्यंत पोहोचलेली नाही. दुसऱ्या मुलाने दशक बरोबर सुटा केला, बारातून सात काढून पाच लिहिले, पण दशकाच्या घरात पाचाचे चार करायला तो विसरला आणि पाचातून दोन काढून तीन लिहिले. दोघांचे उत्तर एकच आणि अडचण अगदी वेगळी. पहिलीला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक गठ्ठा सोडायला लावले पाहिजे. दुसऱ्याला काड्यांची गरज नाही. घेतलेल्या दशकाची खूण वर मांडून ठेवण्याची सवय त्याला लावली की पुरे. दोघांना एकत्र बसवून तीच पद्धत पुन्हा फळ्यावर समजावली तर दोघांचाही वेळ जातो.

तिसऱ्या मुलाने चिन्ह न पाहता बेरीज केली आहे. चौथ्याची पद्धत बरोबर आहे, फक्त बारातून सात काढताना बोटांवर मोजण्यात एक चुकला. आणि पाचव्याचे काय? त्याचे उत्तर बरोबर आहे, पण वहीच्या मागच्या पानावर त्याने ५२ रेघा मारून त्यांतल्या २७ खोडल्या आहेत. त्याला बरोबरची खूण देऊन आपण पुढे गेलो, तर ४०३ वजा १७८ आल्यावर हा मुलगा अचानक मागे पडला असे आपल्याला वाटेल. खरे तर तो आजच अडलेला आहे.

यातून प्रश्न निवडण्याविषयीही एक गोष्ट शिकता येते. ५२ वजा २७ मध्ये दोन वेगळ्या चुका एकाच उत्तराआड लपल्या. त्याऐवजी ५४ वजा २८ दिले असते तर पहिल्या मुलीचे उत्तर ३४ आले असते आणि दुसऱ्या मुलाचे ३६. म्हणजे वह्या हातात घेतल्या घेतल्या कोणाला काय हवे ते कळले असते. चाचणीतील उदाहरणे निवडताना शिक्षकाने स्वतः ती चुकीच्या पद्धतींनी सोडवून पाहावीत आणि प्रत्येक चुकीचे उत्तर वेगळे येईल अशी उदाहरणे ठेवावीत. याला दहा मिनिटे लागतात.

मराठीत संख्यावाचनाच्या चुकांकडेही असेच पाहावे लागते. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते, कारण शब्दात पाच आधी आणि वीस नंतर ऐकू येते. ‘एकोणतीस’ ऐकून ३१ किंवा ३९ लिहिले जाते, कारण कानाला ‘तीस’ ठळक लागते. हे मूल निष्काळजी नाही, ते शब्द नीट ऐकते आहे. या अडचणीवर उपाय म्हणून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन दिले गेले आणि त्यावरून राज्यभर वाद झाला. वादात कोणतीही बाजू घेतली, तरी वर्गातील शिक्षकाला ५२ आणि २५ ची अदलाबदल ही भाषेतून आलेली चूक आहे हे ओळखून तिच्यावर काम करावेच लागते.

वर्णनात्मक नोंद कशी लिहावी?

जी वाचून दुसऱ्या शिक्षकाला त्या मुलाला उद्या काय शिकवायचे हे कळेल, अशी नोंद लिहावी. ‘वाचन चांगले करतो’, ‘गणितातील क्रिया अचूक करते’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ ही वाक्ये तयार नोंदींच्या पुस्तिकांतून सर्रास उतरवली जातात. ती चुकीची नसतात, पण वर्गातल्या कोणत्याही मुलापुढे लिहिली तरी चालतात, आणि म्हणूनच ती कोणाच्याही उपयोगाची नसतात. बदली होऊन आलेल्या एका शाळेत मला अठ्ठावीस मुलांच्या नोंदी मिळाल्या होत्या. सगळ्या वाचूनही त्यांतले कोणते मूल अडखळत वाचते हे कळले नाही. ते कळायला पुढचे तीन आठवडे गेले, आणि ते तीन आठवडे त्या मुलांचे होते.

उपयोगी नोंदीचा एक नमुना देतो: “पाठातील नवा उतारा वाचताना ‘स्वच्छ’ आणि ‘रस्त्यावर’ या शब्दांशी थांबली. ‘रस्त्यावर’ फोडून दाखवल्यावर स्वतः वाचला. ‘च्छ’ अजून येत नाही. उतारा कशाविषयी होता हे विचारल्यावर पूर्ण सांगितले.” चार वाक्यांत चार गोष्टी आल्या: अडचण जोडाक्षरांची आहे, मदत केली की ती पुढे जाते, एक विशिष्ट जोडाक्षर बाकी आहे आणि आकलन उत्तम आहे. अशा मुलीला ‘वाचनात मागे’ म्हणून पुन्हा बाराखडीपासून सुरुवात करायला लावणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

प्रगतिपत्रकात विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात मुलाचे दोष न लिहिता त्याला पुढे काय करायचे आहे ते लिहावे. ‘हस्ताक्षर खराब’ असे लिहिण्यापेक्षा ‘शब्दांतील अंतर सारखे ठेवण्याचा सराव चालू आहे’ असे लिहिले तर पालकालाही काय पाहायचे ते समजते.

रोज सगळ्या मुलांच्या नोंदी लिहिणे अशक्य आहे आणि तसे करण्याची गरजही नाही. रोज चार-पाच मुले ठरवून घ्यावीत. तीसेकांच्या वर्गात दीड आठवड्यात सगळ्यांची एक फेरी पूर्ण होते.

वहीवर गुण द्यावेत की शेरा लिहावा?

शिकणे चालू असताना शेरा लिहावा आणि तो लिहिताना शेजारी गुण मांडू नयेत. १९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधिकेने इस्रायलमधील शालेय मुलांवर केलेला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो. काही मुलांना फक्त गुण, काहींना फक्त शेरे आणि काहींना दोन्ही देण्यात आले. फक्त शेरे मिळालेल्या मुलांची पुढची कामगिरी आणि रस दोन्ही वाढले, तर ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फारसा फायदा झाला नाही. आपल्या वर्गातही हेच दिसते. वही हातात पडताच मूल दहापैकी किती ते पाहते, शेजाऱ्याला विचारते, आणि खाली लिहिलेल्या ओळीपर्यंत त्याची नजर जातच नाही.

शेरा मात्र काम सांगणारा हवा. ‘छान’ आणि ‘अजून प्रयत्न कर’ हे दोन्ही शेरे मुलाला काहीच सांगत नाहीत. ‘तिसऱ्या ओळीत कर्ता बदलला आहे, क्रियापद पुन्हा पाहा’ हा शेरा मुलाला वही उघडायला लावतो. आणि उघडलेल्या वहीत दुरुस्ती करायला वर्गातच पाच मिनिटे द्यावीत, घरी करून आणायला सांगितले की ते राहते.

वारंवार चाचण्या घेतल्याने मुलांवर ताण येत नाही का?

ताण चाचणीच्या संख्येमुळे येण्यापेक्षा तिच्या परिणामांमुळे येतो. गुण जाहीर होणार, क्रमांक लागणार, घरी सांगावे लागणार, असे असेल तर वर्षातून एकच चाचणीही मुलाला घाबरवते. उलट, कोणाला न सांगता, गुण न मांडता रोज पाच मिनिटे ‘काल काय शिकलो ते पुस्तक मिटून लिहा’ एवढेच केले तर मुलांना तो खेळ वाटतो.

यामागे शिकण्याचे एक तत्त्वही आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवले, पण एका आठवड्यानंतर मात्र तो आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवले. आठवण्याचा प्रयत्न केल्याने आठवण पक्की होते, हे पाढे म्हणून घेणाऱ्या जुन्या शिक्षकांना ठाऊक होते. फरक एवढाच की पाढा चुकल्यावर छडी मिळत असे, आणि तेवढा भाग गेला ते फार चांगले झाले. भय, दडपण आणि चिंता यांपासून मुलाला मुक्त ठेवावे असे कलम २९ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

पाचवी आणि आठवीत आता मुलांना नापास करतात, हे खरे आहे का?

होय, पण त्याआधी पायऱ्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या मूळ कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हते. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद आली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा सुरू केली. उत्तीर्ण न झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा घ्यायची आणि तीही उत्तीर्ण झाली नाही तरच त्याच वर्गात ठेवायचे, असा क्रम आहे. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की या क्रमातील जादा मार्गदर्शन हाच खरा भाग आहे, पण निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्यामध्ये उन्हाळी सुट्टी येते, त्यामुळे तोच भाग कागदावर उरण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. पाचवीच्या शिक्षकाने एप्रिलमध्ये कोण अडकू शकेल याची वाट पाहू नये. जुलैपासूनच्या आकारिक नोंदी नीट असतील तर ही नावे ऑगस्टमध्येच कळतात आणि मग हाती सात-आठ महिने असतात.

पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे गुण आम्ही ऑनलाइन भरतो. त्यांचा वर्गात काय उपयोग?

राज्यस्तरावरून येणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या, म्हणजे पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन, यांचे गुण शाळांची माहिती एकत्र करून पाहणाऱ्या राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जातात. तेथे त्यांचा उपयोग तालुका आणि जिल्हा पातळीवर चित्र पाहण्यासाठी होतो. शिक्षकाने मात्र गुण भरण्याआधी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एकदा प्रश्नानुसार पाहावा. एका कोऱ्या कागदावर आडवे प्रश्नक्रमांक आणि उभी मुलांची नावे लिहून चुकलेल्या जागी फुली मारली की दोन गोष्टी दिसतात. एखाद्या स्तंभात फुल्याच फुल्या असतील तर तो घटक आपण पुन्हा शिकवायला हवा. एखाद्या ओळीत फुल्या भरल्या असतील तर त्या मुलाजवळ बसायला हवे. एकूण गुणांच्या रकान्यात या दोन्ही गोष्टी दिसत नाहीत.

पुष्कळ पालक ‘असर’ किंवा ‘परख’ सर्वेक्षणाच्या बातम्या वाचून आपल्या शाळेविषयी विचारतात. प्रथम संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेले असर आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण ही मुलांना काय येते हे निवडक मुलांवरून पाहणारी नमुना सर्वेक्षणे आहेत. ती व्यवस्थेविषयी सांगतात, एखाद्या मुलाविषयी सांगत नाहीत. तथापि असरची तोंडी पद्धत शिक्षकाने उचलण्यासारखी आहे. अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांवर एकेका मुलाला शेजारी बसवून वाचायला लावायचे. यामुळे मूल कोणत्या पायरीवर आहे हे काही मिनिटांत कळते.

ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे मूल्यमापन कसे करावे?

बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मूल गावी राहिले तर हंगामी वसतिगृहाची सोय असते. सोबत गेले तर संकलित एक किंवा त्यानंतरचे सगळे हुकते. अशा मुलाच्या रकान्यात ‘गैरहजर’ लिहून थांबू नये. जाण्याआधीच्या आठवड्यात त्याला काय येते याची अर्ध्या पानाची नोंद करून एक प्रत पालकांकडे द्यावी, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत तो बसला तर तेथील शिक्षकाच्या हाती काहीतरी असते. परतल्यावर पहिल्याच दिवशी वर्गाची चाललेली चाचणी त्याच्यापुढे ठेवू नये. आधी त्याच्याशी बोलावे. फडावर राहून आलेल्या मुलाला वजन, मजुरी, उचल, खेपा यांचा तोंडी हिशेब कितीतरी वेळा वर्गापेक्षा चांगला येतो. तो हिशेब लेखी स्वरूपात कसा मांडायचा येथून सुरुवात करता येते.

घरी कोरकू, पावरी, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांना मराठीतला प्रश्नच कळत नाही. मग?

मग चाचणी गणिताची उरत नाही, ती मराठीची होते. पहिली-दुसरीत तरी प्रश्न तोंडी विचारावा, मुलाने आपल्या भाषेत दिलेले उत्तर ग्राह्य धरावे आणि शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर मोठ्या वर्गातील मुलाची किंवा अंगणवाडीताईंची मदत घ्यावी. नोंदीत ‘संकल्पना समजली आहे, मराठी शब्द नवा आहे’ असे वेगळे लिहावे. प्रमाण मराठीऐवजी वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी वळणाचे बोलणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. तोंडी कामात आशय पाहायचा असेल तेव्हा ‘न’ आणि ‘ण’ चे गुण कापू नयेत.

विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळे निकष ठेवावेत का?

उद्दिष्ट शक्यतो तेच ठेवावे आणि ते दाखवण्याची वाट बदलावी. ज्याला लिहिणे कठीण आहे त्याला तोंडी उत्तर, लेखनिक किंवा जादा वेळ द्यावा, कमी दिसणाऱ्याला मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका द्यावी. अशा मुलाची आजची नोंद त्याच्याच मागच्या नोंदीशी ताडून पाहावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हीसुद्धा त्यांत येते. म्हणून सतत अक्षरे उलटी लिहिणाऱ्या मुलावर आळशीपणाचा शिक्का मारण्याआधी विशेष शिक्षकाशी बोलणे आवश्यक आहे.

मुलांना स्वतःचे मूल्यमापन करता येते का?

येते, पण शिकवावे लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकाच्या कल्पनेत शिक्षकाबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सहाध्यायींचे मूल्यमापन धरलेले आहे. सुरुवातीला मुले एकतर सगळे ‘मला छान येते’ असे लिहितात किंवा शेजाऱ्याचे पाहून लिहितात. मी एक साधी रीत वापरत असे. निबंध लिहून झाल्यावर मुलांनी स्वतःच्या सर्वांत आवडत्या वाक्याखाली एक रेघ आणि ज्याविषयी खात्री नाही अशा शब्दाखाली टिंब द्यायचे. पाचवीतल्या एका मुलीने ‘आजीचे हात पोळपाटासारखे गोल फिरत होते’ या वाक्याखाली रेघ मारली होती आणि ‘पोळपाटासारखे’ या शब्दाखाली टिंब. विचारल्यावर म्हणाली, “गुरुजी, फिरत होतं ते लाटणं. पोळपाट तर जागेवरच असतो.” हे तिला कोणी सांगितले नव्हते.

पालकांनी प्रगतिपत्रक कसे वाचावे?

श्रेणी सर्वांत शेवटी पाहावी. आधी वर्णनात्मक नोंदी वाचाव्यात आणि पालकसभेत शिक्षकांना दोन प्रश्न विचारावेत: गेल्या सत्रात माझ्या मुलाला काय येत नव्हते जे आता येते, आणि सध्या ते कशापाशी अडले आहे? सभेला येणारी आई बहुधा दारातूनच “बाई, पोरगी कितवी आली?” असे विचारते. वर्गात पहिला-दुसरा क्रमांक काढण्याची या पद्धतीत तरतूद नाही, पण तेवढे सांगून आईचे समाधान होत नाही, आणि ते होऊ नये हेच योग्य आहे, कारण तिला मुलीविषयी खरोखर काहीतरी जाणून घ्यायचे असते. सत्राच्या सुरुवातीची आणि आताची वही शेजारी ठेवून तिला दाखवावी. अक्षर न वाचता येणाऱ्या आईलाही दोन पानांतला फरक दिसतो.

घरी ‘शेजारच्या मुलाला किती?’ हा प्रश्न मात्र टाळावा.

शाळेने दिलेले अंतर्गत गुण खिरापतीसारखे वाटले जातात. त्यांवर विश्वास का ठेवावा?

ही शंका रास्त आहे. दहावीचा अनुभव पाहा. २०१८-१९ मध्ये भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद केले गेले. मार्च २०१८ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो मार्च २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. त्या दरम्यान अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही बदलले होते आणि २०२० मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, त्यामुळे सगळा फरक अंतर्गत गुणांचा होता असे म्हणता येणार नाही. तरी तोंडी परीक्षेचे वीसपैकी अठरा-एकोणीस गुण सरसकट देण्याची प्रथा आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

निकालाला जोडलेले गुण आणि शिकण्यासाठीची नोंद यांची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. मुलाची अडचण प्रामाणिकपणे लिहिली तर त्याची श्रेणी खाली येते, असे शिक्षकाला वाटू लागले की तो अडचण लिहायचे सोडून देतो. म्हणून निदानासाठी घेतलेल्या छोट्या चाचण्यांचे गुण श्रेणीत धरूच नयेत आणि श्रेणीसाठी धरायच्या कामांचे निकष मुलांना आधी सांगावेत. दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गातील पाच-पाच वह्या तपासून पाहिल्या तरी सैलपणा पुष्कळ कमी होतो.

द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकाच वेळी सांभाळायचे, शिवाय ऑनलाइन माहिती भरायची. या सगळ्याला वेळ कोठून आणायचा?

ही तक्रार खरी आहे आणि तिच्यावर सगळे उपाय शिक्षकाच्या हातात नाहीत. नोंदवह्यांची संख्या कमी करणे हे वरच्या कार्यालयांचे काम आहे आणि ते त्यांनी केले पाहिजे. मुख्याध्यापकाने निदान एवढे करावे की तपासणीच्या दिवशी किती पाने भरली हे न पाहता कोणत्याही एका मुलाची नोंद उघडून, “यानंतर तुम्ही काय केलेत?” एवढेच विचारावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांनीही बैठकीत हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

शिक्षकाच्या हातात आहे ते असे. तिसरी आणि चौथी एकत्र बसत असतील तर तिसरी स्वाध्याय सोडवत असताना चौथीच्या चार मुलांशी बोलता येते. फळ्यावर एकच उदाहरण देऊन सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाट्या एकदम वर करायच्या, म्हणजे अर्ध्या मिनिटात चाळीस उत्तरे दिसतात. शाळा सुटताना दारात उभे राहून प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा आणि ज्याचे उत्तर चुकले त्याच्या नावापुढे हजेरीच्या मागच्या पानावर टिंब द्यायचे. सकाळी परिपाठ झाल्यावर त्या टिंबांच्या मुलांना पुढच्या रांगेत घेऊन काड्यांचे गठ्ठे काढायचे.